पायांकडे बघणारा कॅमेरा

गाडीच्या बाहेर, पुढच्या चाकाशेजारी, रस्त्यापासून वीतभर उंचीवर कॅमेरा लावला की ताशी साठनं जाणारी मोटारसुद्धा उडत असल्यासारखी दिसते. डांबर लेन्सखालून सरसरत जातं, खडे उडतात, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हौशी चालकाला पहिल्यांदा हेच चित्रण हवं असतं, आणि ते मी हौसेनं करून देतो. पण त्यात गाडी कोण चालवतंय, कशी चालवतंय, याचा पत्ता लागत नाही. तीच गाडी, तीच फेरी, आणि कॅमेरा चालकाच्या डाव्या खांद्यामागे, दोन सीटांच्या मधोमध लावून बघा. वेग निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. मात्र स्टिअरिंगवरचे हात, गिअरचा दांडा, आरपीएमचा काटा आणि काचेपलीकडचा वळणाचा आतला कोपरा एकाच चौकटीत येतात. माझा जीव या दुसऱ्या चित्रात आहे. हौशी माणूस स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या गाडीत, आठवड्याची कामं आटपून ट्रॅकवर येतो. त्याला त्याचं गाडी चालवणं परत बघायला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मी कुंभकोणमचा. आमचं घर तंजावरी मराठी, कैक पिढ्यांपासून कावेरीकाठी. पोटापाण्याचा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा, त्यामुळे मुहूर्तांचे महिने मंडपात जातात आणि उरलेले शनिवार-रविवार ट्रॅकवर. गावात ट्रॅक नाही. उत्तरेला चेन्नईजवळ इरुंगाट्टुक्कोट्टै आणि पश्चिमेला कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, दोन्हीकडे सकाळच्या सत्राला पोचायचं तर रात्रीच निघावं लागतं. एका परीनं आम्ही भाग्यवान आहोत, कारण मोटारींच्या शर्यतीचं वेड या मुलखात जुनं आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. शर्यती आधी शोळावरमला, महायुद्धाच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये क्लबनं इरुंगाट्टुक्कोट्टैला स्वतःचा ट्रॅक बांधला, सुमारे ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. कोइमतूरचा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा. लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातल्या या माणसानं मारुती ८०० चं इंजिन बसवून एका सीटची रेसिंग कार तयार केली आणि १९८८ मध्ये फॉर्म्युला मारुती सुरू झाली. १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. साध्या घरातल्या पोरांना परवडेल अशी शर्यत या देशात उभी राहिली त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि आजही ट्रॅकवर जुनी एस्टीम किंवा पोलो घेऊन उतरणारा माणूस मला त्यांचाच वारस वाटतो.

कॅमेरा पक्का बसवणं हे या कामातलं निम्मं काम. काचेला सक्शन कपनं चिकटवलेला कॅमेरा घरच्या अंगणात दगडासारखा घट्ट वाटतो. उन्हात काच तापली, कपाखालची हवा फुगली आणि गाडी ट्रॅकच्या कडेच्या एखाद्या कर्बवरून उडाली की तो सुटतो. गाडीत सुटलेला कॅमेरा चालकाच्या पायाखाली, ब्रेकच्या पेडलमागे जाऊन अडकू शकतो, आणि बाहेर सुटला तर मागून येणाऱ्याच्या काचेवर आदळतो. म्हणून माझा कॅमेरा लोखंडाला धरलेला असतो. रोलकेज, म्हणजे गाडीतला नळ्यांचा सांगाडा, असेल तर तिच्या नळीला, नसेल तर डाव्या सीटच्या हेडरेस्टच्या दोन दांड्यांना आडवी पट्टी बसवून. क्लॅम्प आणि नळी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि शेवटी तारेची वेगळी दोरी, म्हणजे सगळं सुटलं तरी कॅमेरा लोंबकळत राहील. हेल्मेटवर मी कॅमेरा लावत नाही. हेल्मेट डोकं वाचवण्यासाठी आहे, त्यावर उंचवटा नको. शर्यतीआधी गाड्या तपासणारे स्क्रूटिनीवाले हे सगळं हात लावून, हलवून बघतात, आणि त्यांनी काढ म्हटलं की मी वाद न घालता काढतो.

क्लॅम्प बाजारात मिळतात, पण हव्या त्या मापाचे क्वचितच. माझे काही भाग नाच्चियार्कोविलला बनतात. हे गाव कुंभकोणमजवळ, पितळी कुत्तुविळक्कु समयांसाठी नाव कमावलेलं. मोठी समई एकसंध नसते. तळ, दांडा, तेलाचं पात्र आणि वरचा हंस वेगवेगळे ओतून, लेथवर घासून, आट्यांनी एकमेकांत पिळलेले असतात. तिथल्या एका कारागिराला मी कॅमेऱ्याच्या बुडाचा आटा दाखवला: पाव इंच जाडी, इंचाला वीस आटे, जगभर हेच माप. त्यानं तो नखानं चाचपला, भिंगातून बघितला आणि म्हणाला, "सार, पितळ मऊ. रोज काढ-घाल केलीत तर आटे झिजणार. स्क्रू पोलादाचा घ्या, बैठक पितळेची देतो." ती बैठक जाडजूड, वजनदार आहे, आणि तिचा हात मुद्दाम आखूड ठेवलाय. हात लांब असला की टोकाशी थरथर वाढते. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे बारीक थरथर आली की सरळ खांबसुद्धा वाकडे-तिकडे डुलतात.

आता कॅमेऱ्यांतच स्टॅबिलायझेशन असतं आणि ते थरथर पुसून टाकतं. खांद्यामागच्या कॅमेऱ्यात मी ते बंद ठेवतो. गाडी कुठल्या कर्बवर आपटली, ब्रेक लावताना नाक किती झुकलं, वळणात मागची बाजू केव्हा निसटली हे चालकाला बघायचं असतं. सगळं गुळगुळीत केलं की गाडीचं अंग बोलायचं थांबतं.

उजेडाचा त्रास तमिळनाडूत वेगळाच. आत काळोख, बाहेर पांढरं ऊन. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो डॅशबोर्डचा अंधार उजळायला जातो आणि रस्ता भाजून निघतो. म्हणून एक्स्पोजर बाहेरच्या रस्त्यावर पक्कं करायचं. भर उन्हात शटर इतकं झटपट उघड-मीट करतं की फिरतं चाक गोठल्यासारखं आणि रस्ता तुटक दिसतो. त्यासाठी पुढे गडद एनडी फिल्टर लावून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत खाली आणलं की हालचालीला तिची नैसर्गिक धूसर कड परत मिळते. डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं, म्हणून डॅशबोर्डवर काळी मखमल चिकटवली की काच नाहीशी झाल्यासारखी वाटते. ही मखमल मी आमच्या बाजारातून, मंडपवाल्यांच्या दुकानातून आणतो. उन्हात उभ्या मोटारीत कॅमेरा तापून बंद पडू नये म्हणून आतली बॅटरी काढून पॉवरबँकेवर चालवायचा, आणि गाडी पिट सोडायच्या अगदी आधीच चालू करायचा.

या कलेतली मोठ्या माणसांची कामं मी पुन्हापुन्हा बघतो. १९७० च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्टीव्ह मॅक्वीनच्या चित्रपटासाठी एक पोर्शे ९०८ कॅमेरे बसवून खरोखर उतरवली होती. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स यांनी ती चालवली. फिल्मची रिळं बदलायला वारंवार पिटमध्ये यावं लागल्यानं पुरेसं अंतर भरलं नाही आणि निकालात तिची नोंद झाली नाही, पण ती शेवटपर्यंत धावली. त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. माझं सगळ्यात लाडकं चित्र मात्र रॅलीचालक आरी वाटानेनचं, १९८८ सालचं, अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या कच्च्या घाटरस्त्यावर प्युजो ४०५ हाकतानाचं. 'क्लाइम्ब डान्स' या छोट्या चित्रपटात एका वळणावर समोरून ऊन डोळ्यांवर येतं, आणि एक हात स्टिअरिंग सोडून कपाळाशी जातो, आडोसा करतो. दुसऱ्या हातानं गाडी दरीच्या कडेनं धुरळा उडवत चाललीच आहे. हेलिकॉप्टरमधून घेतलेली त्यातली दृश्यं देखणी आहेत, पण त्या एका हातानं मला जे सांगितलं ते त्यांत नाही.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. चित्रपट दिग्दर्शक क्लॉद लेलूशनं १९७६ मध्ये पहाटेच्या पॅरिसमधून गाडीच्या नाकावर कॅमेरा बांधून एकाच दमात आठेक मिनिटांचं चित्रण केलं. गाडी मर्सिडीज होती आणि आवाज नंतर फेरारीचा चढवला, असं त्यानंच पुढे सांगितलं. ऐकायला तो आवाज मोहक आहे. माझ्या कामात असा उसना आवाज चालणार नाही. मी छोटा माइक डिकीत, स्पंजात गुंडाळून, वाऱ्यापासून दूर ठेवतो. चालकानं ॲक्सिलरेटर नेमका कुठे सोडला हे चित्रात दिसायच्या आधी इंजिनच्या सुरात ऐकू येतं.

लेलूशच्या त्या चित्रपटाबद्दल आणखी एक बोलायला हवं. ते चित्रण चालू रस्त्यावर झालं होतं, सिग्नल ओलांडत. कुंभकोणम-तंजावर रस्त्यावर माझ्याकडे अशी मागणी अधूनमधून येते. मी नाही म्हणतो आणि समजावत बसतो. या रस्त्यावर वाळत घातलेलं भात असतं, बैल असतात, शाळेच्या पोरी सायकलवरून तिघी-तिघी एका ओळीत जात असतात. वेगाची हौस असेल तर ट्रॅकवर चला, पैसे कमी असतील तर मी फुकट चित्रण करतो. महाराष्ट्रातल्या मित्रांनाही हेच सांगतो. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्या पळतात, कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, घाटाची वाट कशाला धरायची?

आमच्या गावात गाडी हाकण्याचं सगळ्यात अवघड काम चित्तिरै या तमिळ महिन्यात बघायला मिळतं. शार्ङ्गपाणीच्या देवळाचा रथ निघतो, तमिळनाडूतल्या सगळ्यात मोठ्या रथांपैकी एक. माणसं माना वर करून कळसाकडे, रंगीत कापडांकडे, देवाकडे बघत असतात. दोराला शेकडो हात लागलेले असतात. पण रथ वळतो, थांबतो, सरळ होतो तो चाकाशी वाकलेल्या मोजक्या माणसांमुळे. त्यांच्या हातात लाकडाची पाचर असते, मुट्टुक्कट्टै. चाक फिरत असतानाच ती नेमक्या कोनात चाकाखाली सारायची, रथाचं वजन तिच्यावर चढू द्यायचं, आणि नाक हवं तितकं वळलं की चाकाखाली सापडायच्या आत हात काढून घ्यायचा. मी रथोत्सवाचं चित्रण करायला लागलो तेव्हापासून माझा एक कॅमेरा त्यांच्या हातांवरच असतो. मोटारीत पायांपाशी कॅमेरा ठेवायची कल्पना मला तिथून सुचली.

पेडलपाशी जागा अगदी चिंचोळी आणि अंधारी. छोटा कॅमेरा स्टिअरिंगच्या खांबाच्या डाव्या अंगाला, क्लचवरच्या पायाला लागणार नाही असा, आणि शेजारी एलईडीची बारीक पट्टी. उजवा पाय ब्रेकवर दाबलेला असताना त्याच पावलाची कड ॲक्सिलरेटरला हळूच टेकवून खालचा गिअर कसा घेतात, हे पुस्तकात शंभरदा वाचून कळत नाही ते इथे एका फेरीत दिसतं.

पापनाशमकडचा एक तरुण माझ्याकडे नेहमी येतो. घरची भातगिरणी, ट्रॅकवर जुनी एस्टीम. इरुंगाट्टुक्कोट्टैला मुख्य सरळ पट्टा संपला की सी-वन नावाचं वेगवान वळण येतं. तिथे आपण शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर सोडत नाही, सोडला की थेट ब्रेक, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. पिटमागच्या शेडमध्ये लॅपटॉपवर आम्ही हात आणि पाय शेजारी-शेजारी लावले. दोन्ही चित्रणं जुळवायला स्टार्टची पांढरी रेघ ओलांडतानाचा धक्का पुरतो. मी एक-एक फ्रेम पुढे सरकवत होतो. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला, आणि हवेतच राहिला. ना इकडे, ना तिकडे. सेकंदाला पन्नास फ्रेमच्या चित्रणात असे वीस फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद. ताशी १२० च्या वेगाला तेवढ्यात गाडी तेरा मीटर नुसतीच वाहत जाते. "अण्णा, बाकीच्या फेऱ्या काढा," तो म्हणाला. सगळ्या फेऱ्यांत तेच, आणि फक्त त्याच वळणावर. दुसऱ्या कुठल्याही कोपऱ्यात त्याचा पाय असा लोंबत नव्हता. मग त्यानं आपणहून सांगितलं की आदल्या मोसमात तिथेच त्याची गाडी फिरली होती.

दुपारच्या सत्रात मी त्याला एकच सुचवलं: ब्रेक हवं तर आधी लाव, पण पाय उचललास की टेकव. त्यानं खरोखरच आधी ब्रेक लावला. पायाचं हवेतलं अंतर निम्म्यावर आलं आणि वळणातून बाहेर पडताना गाडी जास्त सरळ, जास्त जोरात निघाली. हे हातांच्या चित्रणातही दिसत होतं, कारण स्टिअरिंगची मधली दुरुस्ती नाहीशी झाली होती. तेव्हापासून तो लॅप टाइमच्या कागदाआधी पायांचं चित्रण मागतो. आता त्याचा धाकटा भाऊही उतरणार आहे. त्याची उंची कमी, सीट पुढे सरकवावी लागते, म्हणून सध्याच्या ब्रॅकेटवरून त्याचा गुडघा चौकटीत आडवा येतो. दोन इंचांनी आखूड हाताची बैठक लागेल. तिचं माप मी नाच्चियार्कोविलला देऊन आलोय.