दोह्यातले दहा तास

मुंबईहून लंडनला जाताना दोह्यात दहा तास थांबायचं होतं. व्हिसाच्या अटी आम्ही आधीच पाहून ठेवल्या होत्या. पण अम्मी खुर्ची सोडीनात. "विमान चुकलं तर? त्यालाच इथे बोलवा ना." मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा, दोन वर्षं घरी न आलेल्या धाकट्यासाठी. त्याला आत येता येत नाही, हे पटवण्यातच अर्धा तास गेला.

मेट्रोची लाल लाइन, मशैरिबला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन सूक वाकिफ. भाडं अवघं २ रियाल. तिथून आधी इस्लामी कला संग्रहालय गाठलं. २००८ साली उघडलेल्या या इमारतीची कल्पना आय. एम. पेई यांना कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या हौदावरून सुचली. अम्मी जुन्या कुरआनच्या पानांपुढून हलेनात. आम्ही मात्र मास्तर माणसं, तासाच्या घंटेला बांधलेली; सारखं घड्याळ पाहत होतो.

जोहरनंतर तो बाजारात आला, तासाभराची सवड काढून. वाळलेला दिसला. अम्मींनी एवढंच विचारलं, "जेवलास?" करक चहा झाला. दोन वड्या त्याने तिथेच खाल्ल्या, उरलेल्या खोलीवरच्या मित्रांसाठी बांधून घेतल्या.

आम्ही वेळेच्या कितीतरी आधी विमानतळावर परतलो. रिकामा डबा पिशवीत ठेवत अम्मी म्हणाल्या, "येतानाही इथेच थांबणार ना विमान?"