हित आणि सुख

'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे आकाशवाणीचे ब्रीद. हित आणि सुख एका ओळीत किती गोडीने बसतात! आमच्या हैदराबादच्या घरी मात्र त्यांचे उभे वैर होते. हित शनिवारी रात्री येई, सुख बुधवारी.

शनिवारी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. तो १९५२ साली सुरू झाला, आणि त्याच साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दाराबाहेर काढले. मंत्री मराठी, त्यातून गाण्याचे जाणकार. आमच्या नानांना त्यांचा कोण अभिमान! रेडिओचा काटा नानांखेरीज कोणी हलवायचा नाही, असा दंडक होता. आम्ही मुले बुधवारी शेजारच्या ओसरीवर जाऊन सिलोनची बिनाका गीतमाला ऐकत असू. नानांना हे ठाऊक नसेल असे आज वाटत नाही.

केसकरांना हसणे सोपे आहे. पण संस्थाने गेली, गवयांचा आश्रय तुटला, तेव्हा कित्येकांची चूल आकाशवाणीच्या बिदागीवर पेटली. आणि ज्यांच्या मैफलीचे तिकीट आम्हांला परवडले नसते ते गायक आमच्या माजघरात येऊन गायले. चुकले ते एवढेच, की श्रोत्यालाही कान असतात याचा विसर पडला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली. नानांनी त्याला शरणागती म्हटले.

नाना दर वर्षी न चुकता टपाल कचेरीत जाऊन परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटे लावून आणीत. १९२७ साली मुंबईस निघालेली खाजगी नभोवाणी कंपनी परवाने पुरेसे खपले नाहीत म्हणून तीन वर्षांत बुडाली आणि सरकारने तो कारभार हाती घेतला, ही कथा ते आम्हांस बजावून सांगत.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि आकाशवाणीवरून सरकारला हवे तेवढेच ऐकू येऊ लागले. हित कोणाचे, हे आता सरकारच ठरवीत होते. एका संध्याकाळी नानांनी दार लोटून घेतले, आवाज बारीक केला आणि आपल्या हाताने काटा लघुलहरींवर नेऊन बीबीसीची हिंदी वार्तापत्रे लावली. ज्या हाताने आमचे हात वर्षानुवर्षे दूर सारले, तो हात त्या दिवशी किंचित कापत होता. आम्ही काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत.

पुढे १९८० नंतरच्या दशकात परवाना रद्द झाला. सगळ्यांना आनंद झाला. नाना म्हणाले, "अरे, पैसे वाचले खरे, पण आता जाब विचारायचा तो कोणत्या हक्काने?"

प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. महामंडळ स्वायत्त झाले. खर्चाचा मोठा भाग मात्र सरकारी अनुदानातूनच येत राहिला. नाना तोवर राहिले नव्हते. त्यांची पुस्तिका आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यात एकाही वर्षाचे तिकीट चुकलेले नाही, १९७५ चेही नाही.