पुड्यावरची मराठी

आमच्या पिढीने सोनाळ्यात विज्ञान मराठीतून घोकलं, तेही मोठ्याने. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. परिभाषा ठरवणारं भाषा संचालनालय 1960 सालचं, पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती 1967 सालची. तिथले शब्द आमच्या दप्तरातून घरी यायचे आणि चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईलाही ऐकून ऐकून पाठ व्हायचे.

आता नातवंडं सेमी-इंग्रजीत शिकतात. अकरावीला इंग्रजी पुस्तक हाती आल्यावर आम्ही चाचपडलो, ती चाचपडत नाहीत. हे चांगलंच झालं. पण ती मनात वाचतात, आणि शिकलेलं घरात कुणाच्या कानावर पडत नाही.

बदल किराण्यातही झाला. तेव्हा तो रद्दीच्या पुडीत यायचा. आई पुडीचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवायची, आम्ही कागदाच्या सुरकुत्या काढून त्यावरची अर्धी बातमी वाचायचो. पुडीत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं. तिखटात विटकरीचा भुगा, तुरीच्या डाळीत लाखेची डाळ. जिभेला कळलं तर कळलं. लाख सतत पोटात गेली तर पाय लुळे पडतात, आणि दाद मागायला हातात पुरावा म्हणून तेवढा रद्दी कागद.

आता पुडा सीलबंद येतो आणि आतला प्रत्येक घटक वर छापावा लागतो. अट एवढीच, की मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा. मराठीला मुभा आहे, सक्ती नाही. आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला, किडनीचे रुग्ण गावोगाव. डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा. म्हातारा माणूस अळणी भाजी निमूट खातो आणि चहासोबत बिस्किटं घेतो. त्या पुड्यावर बारीक इंग्रजीत आयएनएस 500(ii) लिहिलेलं असतं. तो आमचा खाण्याचा सोडाच, म्हणजे मिठात असतं तेच सोडियम. सॉसच्या बाटलीवरचा 211 म्हणजे सोडियम बेंझोएट. पथ्य ज्याने पाळायचं, त्यालाच ते वाचता येत नाही.

ती भेसळीची पुडी परत नको. हळहळ वाटते ती त्या मोठ्याने वाचण्याची, ज्यातून एका पोराचं शिक्षण अख्ख्या घराचं व्हायचं. ते घोकणं परत येणार नाही. शब्द मात्र केव्हाचे तयार आहेत, ते पुड्यावर छापण्याची सक्ती तेवढी बाकी आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुड्यावर घटक मराठीत, ठसठशीत अक्षरांत हवेत. आमच्याकडे ते वाचता येणं हा औषधपाण्याचाच भाग आहे.