एक कंठ कीं अनेक?

गेल्या पावसाळ्यांत महाविद्यालयाच्या ओसरींत दोन विद्यार्थ्यांचें कडाक्याचें भांडण आमच्या कानांवर आलें. विषय निवडणुकीचा असेल, निदान क्रिकेटचा तरी असेल, अशा समजुतीनें आम्ही मध्यस्थीस गेलों, तों तो निघाला विलायती संगीताचा! पिंक फ्लॉइड नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदानें १९७३ सालीं 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यांतील सारीं पद्यें ज्यानें रचिलीं त्या रॉजर वॉटर्सनें पन्नास वर्षांनीं, २०२३ सालीं, तींच गीतें आपल्या एकट्याच्या, वयानें खरखरीत झालेल्या आवाजांत पुन्हां मुद्रित केलीं. मूळची खरी कीं ही खरी, हा वाद. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असें ज्या गांवाविषयीं लोक थट्टेनें म्हणतात, त्या गांवचे हे दोन तरुण लंडनच्या त्या पन्नास वर्षांपूर्वींच्या तबकडीसाठीं हातघाईवर आले होते.

आम्हांस हसूं आलें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं. कारण नेमका हाच वाद आमच्या घरीं जवळजवळ तीस वर्षें चालला होता. आमच्या घरची ध्वनिमुद्रिका विलायती नव्हती, एवढाच काय तो फरक. ती होती 'गीतरामायणा'ची.

गीतरामायणाची जन्मकथा महाराष्ट्रांतील घरोघर ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें आकाशवाणीनें त्यांतील पहिलें गीत ऐकविलें. कवि ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके आणि ही कल्पना मनांत धरून ती तडीस नेणारे आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड. दर शुक्रवारीं सकाळीं पावणेनऊ वाजतां नवें गीत यावयाचें आणि शनिवारीं व रविवारीं तेंच पुन्हां लागावयाचें. वर्षाचीं बावन्न गीतें व्हावयाचीं, तीं त्या वर्षीं अधिकमास आल्यामुळें छप्पन्न झालीं. हीं गीतें त्या वेळीं एकानें गाइलेलीं नव्हतीं. श्रीरामाचीं पदें स्वतः फडके म्हणत. परंतु सीता, कौसल्या, लक्ष्मण अशा ज्याच्या त्याच्या तोंडचें पद निरनिराळ्या गायकगायिकांस दिलेलें असे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे एकाहून एक कंठ त्यांत होते. कौसल्येचीं पदें फडके यांच्या पत्नी ललिताबाई यांनीं गाइलीं. पुढें मात्र फडके यांनीं सारीं गीतें एकट्यानें, स्वतः पेटी वाजवीत, गांवोगांव गाइलीं. त्यांच्या एकट्याच्या आवाजांतील मुद्रिका निघाल्या, आणि आमच्या पिढीस जें गीतरामायण मिळालें तें हें.

आमचे वडील, ज्यांस आम्ही नाना म्हणत असूं, १९५५ सालीं पुण्यास शिकत होते. परभणी त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होती. नानांची शाळा निजामी अमदानींत सुरू झालेली. पहिले धडे त्यांनीं उर्दूंतून गिरवले, आणि मराठी ही घरांत बोलावयाची व देवापुढें म्हणावयाची भाषा, अशीच त्यांची लहानपणची समजूत होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईनंतर ती परिस्थिति पालटली. तरी सरकारी यंत्रांतून आपल्या भाषेंतील काव्य दर आठवड्यास बाहेर पडतें आणि सारें शहर तें कान देऊन ऐकतें, हें त्या मुलास नवलच वाटलें. त्यांच्या खोलींत रेडिओ नव्हता. समोरच्या बिऱ्हाडकरूच्या खिडकीखालीं उभे राहून तें गीत ऐकावयाचें आणि मग धांवत कॉलेज गांठावयाचें, असा त्यांचा वर्षभर दर शुक्रवारचा क्रम होता. ही हकीकत त्यांनीं आम्हांस किती वेळां सांगितली, याची गणती नाहीं.

१९८४ च्या सुमारास फितींचा संच घरीं आणला तोही नानांनींच. एकट्या बाबूजींच्या आवाजांतील तें रामायण ते मोठ्या आवडीनें ऐकत, आम्हांसही शेजारीं बसवीत. १९८७ सालीं आम्ही त्या वेळच्या औरंगाबादेस शिकावयास गेलों. पहिल्या दिवाळीच्या सुटींत घरीं आलों, आणि वनवासाला निघालेल्या रामाला कौसल्या विनविते तें पद लागतांच नानांनीं यंत्र बंद केलें. "हें आईचें पद आहे. तें बाईच्याच आवाजांत पाहिजे. पुण्यास आम्ही तें तसेंच ऐकलें आहे," असें ते म्हणाले. वादास तोंड फुटलें तें तेव्हां.

वाद दरवर्षीं रामनवमीस व्हावयाचा. सुंठवडा वाटून झाला, कीं नानांचे दोनचार स्नेही आणि आमचे दोनचार मित्र समोरासमोर बसत. आमचें म्हणणें असें, कीं सगळ्या चाली एकाच माणसाच्या मनांत जन्मल्या, तेव्हां त्या त्याच्याच कंठांत पूर्णत्वास जावयाच्या. शिवाय एकानेंच सगळ्यांच्या वतीनें बोलणें ही आपली जुनीच रीत आहे. कीर्तनकार एका उपरण्याच्या फेंकीसरशीं रावण होतो आणि दुसऱ्या फेंकीसरशीं सीता होतो. श्रोत्यांस त्यांत कांहीं विपरीत वाटत नाहीं. नाना म्हणत, "रेडिओवर जें झालें तें कीर्तन नव्हतें, नाटक होतें. नाटकांत ज्याची भूमिका त्याचें तोंड." आम्ही बालगंधर्वांचें उदाहरण पुढें करावें, तर ते म्हणत, "त्यांनीं शालू नेसला, भामिनीची भूमिका घेतली, मग ते गाइले. बाबूजी तर सदऱ्यानिशीं पेटी पुढें घेऊन बसतात." एकदां त्यांनीं आमच्या जिल्ह्यांतल्याच गंगाखेडच्या जनाबाईस साक्षीस आणलें. "जनाबाईनें आपल्या ओव्या दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेतल्या काय?" आम्ही म्हणालों, "ओव्यांचें ठाऊक नाहीं, पण जातें विठ्ठलानें ओढलें कीं!" त्यावर सारे हसले, नानाही हसले.

पण हा वाद नेहमींच हंसण्यावारी गेला नाहीं. आम्ही प्राध्यापक झाल्यावर, काव्यशास्त्राच्या चार इंग्रजी ग्रंथांच्या बळावर, एका रामनवमीस पाहुण्यांदेखत बोलून गेलों, "नाना, तुम्हांला गाणें ऐकावयाचें नसतें. तुम्हांला तुमचें पुण्यांतलें तरुणपण ऐकावयाचें असतें." नानांनीं उत्तर दिलें नाहीं. पुढच्या वर्षापासून तें पद आलें, कीं ते यंत्र बंद करण्यास सांगत नसत; स्वतः उठून अंगणांत जात. आमचा जय झाला, असें आम्हांस वाटलें. असे जय मिळविण्याची हौस आमच्या पेशांत फार असते.

नाना जाऊन आतां बरीच वर्षें झालीं. आकाशवाणीवरचीं तीं जुनीं ध्वनिमुद्रणें, जीं आम्हांस त्यांच्या हयातींत कधीं मिळालीं नाहींत, तीं परवां आमच्या मुलीनें भ्रमणध्वनीवर शोधून दिलीं. ललिताबाईंच्या आवाजांतील कौसल्या आम्ही प्रथमच ऐकली. ती सुंदर आहे, यांत संशय नाहीं. तरी मनांतल्या मनांत आम्ही जुनाच निवाडा कायम ठेवीत होतों. आई पलीकडे शेंगा सोलीत बसली होती. तिला आम्ही म्हणालों, "आई, नाना ज्यासाठीं भांडत, तें हें पद."

आई म्हणाली, "भांडत कुठं होते? तूं औरंगाबादला गेलास ना, त्या रात्रीं ह्यांनीं तुला स्टेशनवर सोडलं, घरीं आले अन् ती फीत लावली. तें पद आलं अन् बंदच केली. मला म्हणाले, बाईच्या आवाजांत असतं तर ऐकवलं असतं. पुरुषाच्या आवाजांत ऐकलं कीं मीच त्याला 'जाऊं नको' म्हणतोंय असं वाटतं."

आम्हांस ती रात्र आठवली. मनमाडकडे जाणारी मीटरगेजची गाडी उशिरां आली होती. नाना फलाटावर गाड्यांच्या वेळापत्रकाविषयीं आणि खानावळीच्या दराविषयीं बोलत राहिले. दुसरें कांहींच बोलले नाहींत. त्या काळीं बाप मुलाशीं याहून अधिक बोलत नसे.

म्हणजे तीस वर्षें आम्ही ज्याचें खंडन केलें, तें नानांचें मत नव्हतेंच. कीर्तन आणि नाटक यांतील भेद आम्ही त्यांस शिकवीत होतों, आणि ते बिचारे त्या भेदाच्या आड उभे होते. शिवाय वादांत हरलों असें जें त्यांनीं आम्हांस भासविलें, तेंही खोटें होतें. एका पुरुषाच्या कंठांतून आईचें मन पुरतेंपणीं बोलूं शकतें, हाच तर आमचा पक्ष. आणि तो आमच्याहून त्यांनींच अधिक मानला होता. इतका, कीं त्यांस तेथें बसवत नसे.

ओसरींतल्या त्या दोघां विद्यार्थ्यांचा निवाडा आम्ही अजून दिलेला नाहीं. त्यांतला एक मूळच्या मुद्रिकेसाठीं इतक्या पोटतिडकीनें कां भांडतो, हें एकदां त्यास निवांत विचारावें असें मनांत आहे. आमची मुलगी येत्या जूनमध्यें पुण्यास शिकावयास जाणार आहे. तिनें दोन्ही गीतरामायणें आमच्या यंत्रांत भरून दिलीं आहेत. तें एक पद आम्ही सध्यां बाबूजींच्या आवाजांत ऐकतों, आणि शेवटपर्यंत ऐकण्याचा प्रयत्न करतों.