शेगडीची निवड

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमचे जुने कौलारू घर आहे. इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात आल्या. पुढे त्यांच्या राज्यकारभारामुळे अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. आमचे घराणे त्यांपैकीच एक. घराबाहेर आम्ही हिंदी आणि छत्तीसगढी बोलतो. स्वयंपाकघरात मात्र मराठीच.

एका पावसाळ्यात या स्वयंपाकघराची भिंत खचली. नवे बांधायचे ठरले आणि प्रश्न उभा राहिला : ओट्यावर शेगडी कोणती ठेवावी, गॅसची की विजेची?

माझ्या यजमानांनी हिशेब मांडला. २००० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण शक्तीने तासभर चालली, तर २ युनिट वीज लागते. तिच्यावर भांड्याचे बूडच तापते, म्हणून उष्णता फारशी वाया जात नाही. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. परंतु विजेच्या शेगडीसाठी वेगळी जाड तार, १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग हवे. शिवाय ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो, तेच तिच्यावर चालते. म्हणजे सासूबाईंची पितळी पातेली बाद! आणि वीज गेली, की चहासुद्धा नाही. यजमानांचा कौल गॅसला पडला.

मी मात्र विजेचा आग्रह धरला. त्याचे कारण मी कोणालाही सांगितले नव्हते. सासूबाईंना अलीकडे विसर पडू लागला होता. एके सकाळी मी आत गेले, तो गॅसचा वास कोंडलेला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, बटण तसेच चालू होते आणि सासूबाई देवघरात समईसाठी काडेपेटी शोधत होत्या. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. त्या वासानेच आम्हाला वाचवले. मी बटण बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या आणि सासूबाईंना अंगणात नेले.

अखेर एका रात्री मी ही गोष्ट सर्वांसमोर सांगितली. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, मला लपवून का ठेवलंस? मी या घरात आले, तेव्हा लाकडाची चूल होती. धुरानं डोळे चुरचुरायचे. गॅस घ्यायचा हट्ट मीच धरला होता. नवं शिकायला मी भीत नाही. पण भाकरी ज्योतीवर फुगलेली मला दिसायला हवी."

दुसऱ्याच दिवशी निर्णय झाला. दूध, चहा आणि वरणभात विजेच्या शेगडीवर. लावलेली वेळ संपली, की ती आपोआप बंद होते. भाकरीसाठी गॅसची लहान शेगडी, ज्योत विझताच वायू थांबवणारी. भाकरी करताना आम्ही दोघी बरोबर असायचे, हेही ठरले.

सासूबाईंनी लोहचुंबक मागून घेतला आणि फळीवरचे एकेक भांडे त्या स्वतः तपासू लागल्या. मी पाहत राहिले. विजेचा, गॅसचा, तारेचा हिशेब आम्ही केला होता. जिने त्या स्वयंपाकघरात आयुष्य वेचले, तिला विचारायचे तेवढे राहून गेले होते.