पडवीतला स्टेक

आमच्या सांगलीच्या घरात मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. सासरे माळकरी. कांदा-लसूण चालतो, वशाट नाही. म्हणून मागच्या पडवीत शेगडी वेगळी, कुकर वेगळा, पातेली वेगळी, आणि ती घासायची घासणीसुद्धा वेगळी. मुलानं एअर फ्रायर आणला आणि त्यात पहिलं काय करायचं तर 'स्टेक', असं जाहीर केलं, तेव्हा यंत्राची जागा आपोआपच ठरली. वॉशिंग मशिनचा १६ अँपिअरचा प्लगही पडवीतच आहे, ही आणखी एक सोय. दीड हजार वॅटचं यंत्र मोबाईल चार्जिंगच्या प्लगवर चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं, पण लांबूनच.

मुलगा मेलबर्नला शिकायला होता. तिथं त्याला या जाड, भाजलेल्या तुकड्याची चटक लागली. मुळात हा पदार्थ गाई-बैलाच्या मांसाचा. आपल्या राज्यात २०१५ पासून गाय, वळू, बैल कशाचीच कत्तल करता येत नाही. म्हशीच्या मांसाला बंदी नाही, पण वशाटाची असली तरी आमच्या पडवीलाही एक पायरी आहे, तिच्या आत ते येणं शक्य नव्हतं. मग त्यालाच आठवलं, तिकडं मेंढीच्या मांडीचे आडवे काप मिळतात आणि त्यालाही स्टेकच म्हणतात.

मेंढी म्हटल्यावर मी कान टवकारले. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, आणि आम्ही बोल्हाईचे. पुण्याजवळ वाडेबोल्हाईला देवीचं ठाणं आहे. तिला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड वर्ज्य, मटण खायचं ते मेंढीचं. सासरी आले तर इथं सगळा कारभार बोकडाचा. मेंढीचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "नको बाई, वास मारतंय." देवीची मनातल्या मनात माफी मागून मी बोकडाच्या रश्श्याला सरावले. पण वासाचा तो शेरा काही विसरले नाही. वास असतो तो मुख्यतः चरबीचा. ती बेताची ठेवली आणि जनावर कोवळं असलं तर मेंढीसारखं मऊ मटण नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

गंमत अशी, की मेंढी वर्ज्य नसून नकोशी असलेलं हे घर ज्या जिल्ह्यात आहे, तो जिल्हाच मेंढ्यांचा. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावानं ओळखली जाणारी जात बघावी. उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. आटपाडीच्या बाजारात याच जातीच्या 'सर्जा' नावाच्या मेंढ्याला २०२० साली ७० लाखांची बोली लागली आणि मालकानं तो दिला नाही, ही बातमी आमच्याकडं चहाच्या टपऱ्यांवर कितीतरी दिवस पुरली. अर्थात तसल्या मेंढ्याचा स्टेक होत नाही, त्याची पैदास होते.

खरं काम होतं खाटकाकडं. आपल्याकडं दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "वहिनी, रस्सा का सुकं?" दोन्हीचं उत्तर एकच असतं: ओंडक्यावर सत्तूर चालतो आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे पिशवीत पडतात. मी मांडी अख्खी मागितली, तीही वर्षाच्या आतल्या मेंढ्याची. त्यानं मला एकदा नीट न्याहाळलं. "अख्खी घेऊन काय करणार?" मी सांगितलं, आडवे काप हवेत, अंगठ्याएवढे जाड. "सत्तूर घातला तर हाड फुटंल, चुरा दाताखाली येईल," तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. तिकडं करवतीनं कापतात. मग त्यानं धारदार सुरी घेतली, मांडीच्या आतल्या बाजूनं एक लांब चीर दिली, नळीच्या कडेकडेनं सुरी फिरवली आणि हाड मोज्यातून पाय काढावा तसं सोडवून बाजूला ठेवलं. मांस गुंडाळून आडवं धरलं, एकेक काप पाडला. बघायला दोन गिऱ्हाइकं थांबली. "हाडं देऊ का टाकू?" टाकतोय कुठं!

यंत्रापेक्षा या दुकानावर सगळं अवलंबून आहे, हे मुलाला पटायला वेळ लागला. एअर फ्रायरमध्ये तळणं काही नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, म्हणजे लहानशी भट्टीच. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा बटाट्याच्या फोडी हा त्याचा मोठा पराक्रम होता. कोरडी, झटपट आच एवढंच त्याला देता येतं. थोराड बोकडाच्या मांडीत जे चिवट पडदे आणि शिरा असतात, त्या विरघळायला ओल लागते आणि तास-दीड तास वेळ लागतो. कुकरच्या शिट्ट्या आपण उगाच मोजत नाही. ते मटण दहा मिनिटं गरम वाऱ्यात ठेवलं तर वातडच होणार, यंत्र कितीही महाग असो.

मुलाला काप आदल्या रात्री कांदा-लसणाच्या चटणीत मुरवायचे होते. ते मी होऊ दिलं नाही. आमच्याकडं चटणी म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेलं वर्षाचं तिखट. त्यात सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण. २०० अंशांच्या वाऱ्यात मांस भाजायच्या आत हे सगळं करपून कडू होतं. तव्यावर चटणी घालताना आपण आच कमी करतो, कधी पाण्याचा हबका मारतो, त्याचं कारण हेच. म्हणून आधी फक्त मीठ लावलं आणि काप उघडेच फ्रिजमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी कोरड्या फडक्यानं टिपले. वर ओल आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढं जात नाही, आणि खरपूस रंग चढतो तो १४०च्या पुढं. मग तेलाचं बोट, मिरपूड, आणि सांगलीत राहून हळद वगळणं बरं दिसत नाही म्हणून चिमूटभर हळद.

यंत्र रिकामंच तापवून घेतलं. काप एकमेकांना न चिकटता मांडले. चरबी खाली गळून धूर करते, म्हणून जाळीखालच्या भांड्यात थोडं पाणी घातलं. अर्धा वेळ झाल्यावर उलटले. मुलाकडं मांसात खुपसायचा थर्मामीटर होता. त्याला आत गुलाबी हवं होतं, ६० अंशांच्या आसपास. मी ७०वर अडून बसले. तडजोड म्हणून त्याचा एक काप आधी काढला, बाकीचे ६६ला. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता चार अंश चढते, हे मात्र मला त्याच्याकडून कळलं. गरम कापांवर मग तुपात कालवलेली चटणी फासली आणि ताटलीखाली पाच मिनिटं झाकून ठेवले. त्या पाच मिनिटांत चटणीचा कच्चेपणा गेला, करपली मात्र नाही.

सुरीनं कापल्यावर मुलाच्या ताटात गुलाबी पाणी आलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "रक्त हाय की रं ते!" ते रक्त नसतं. रक्त कापतानाच निघून जातं, हा मांसाच्याच आतला लाल रंग, हे त्यानं आजीला समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःसाठी कडेचा, सगळ्यात जास्त भाजलेला तुकडा मागितला. काटा-चमचा बाजूला, भाकरीत धरून खाल्ला. वासाबद्दल काही बोलल्या नाहीत. दुसरा तुकडाही घेतला. पंचवीस वर्षांचा माझा हिशेब तिथंच चुकता झाला.

सासरे तेवढ्यात पडवीच्या दारापर्यंत येऊन गेले. या यंत्रात शेंगदाणे छान भाजतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पण हे आता वशाटाचं झालं होतं. त्यांच्यासाठी आत ओट्यावर दुसरं घ्यावं लागणार, म्हणजे वेगळ्या घासणीनंतर आता वेगळा एअर फ्रायर.

आणि ती हाडं. नळी, कापांच्या कडेचं मांस, आलं-लसूण, हळद, मीठ घालून कुकरला लावलं. आधी वाटीवाटी अळणी पाणी झालं, उरलेल्याचा तांबडा रस्सा केला. मुलगा बघत म्हणाला, "आई, स्टेकबरोबर रस्सा नसतो."

"मेलबर्नला नसेल," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात दुसरी वाटी ठेवली.