इंजिनाचा ठोका

आज पिकाचं काही नाही, इंजिनाचं लिहितोय.

काल वस्तीवर पुतण्यानं मोबाईलवर फॉर्म्युला वनच्या दोन गाड्या ऐकवल्या. एक २०१३ ची, एक २०१४ ची. म्हणाला, "काका, जुनी कोणती सांगा." पहिली नुसती किंचाळत होती, दुसरी घुमत गेली. मी म्हणालो, किंचाळणारी नवी. चुकलो.

मग हिशोब मांडला. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. आमच्या विहिरीवरचं जुनं एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६०० फेरे धरलं, तर सेकंदाला ५ ठोके. ते वेगळे ऐकू यायचे, वडील बांधावरून सांगायचे की पाणी तुटलं. ट्रॅक्टर ३ सिलिंडरचा, २००० फेऱ्यांना सेकंदाला ५० ठोके, म्हणून त्याची घरघर होते. २०१३ ची गाडी ८ सिलिंडरची आणि १८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारी. सेकंदाला १२०० ठोके! दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ शर्यती झाल्या, त्या याच इंजिनांच्या.

२०१४ ला ६ सिलिंडर आले, १.६ लिटर, टर्बोसकट. तेव्हाच्या नियमात १५,००० फेरे चालत होते, पण तासाला १०० किलोच्या वर इंधन सोडायचं नव्हतं. मग जास्त फिरवून फायदा काय, नुसती घासाघीस. १२,००० ला ठोके होतात ६००, बरोबर निम्मे. भजनात पेटीवाला एक सप्तक खाली उतरतो ना, तेवढा फरक. त्यात धुराचा जोर टर्बोचं चक्र फिरवण्यात खर्च होतो, आवाजाला उरतो कमी. आपल्या टर्बोच्या ट्रॅक्टरचंही तसंच.

लोक म्हणे नाराज झाले. मर्सिडीजनं त्याच वर्षी धुराड्याला कर्णा लावून पाहिला, २०१६ ला वेस्टगेटला वेगळी नळी द्यावी लागली. अख्ख्या शर्यतीला तेव्हा १०० किलो इंधन होतं, हे मला तर पटलं. डिझेल विकत घेणारा माणूस मी.

पण मी चुकलो कसा, ते डोक्यातून जाईना. पुतण्या म्हणाला, "त्या जुन्या गाडीच्या आवाजाला वर एक बारीक धार हाय, ती ऐकली का?" नाही ऐकली. तालुक्याच्या डॉक्टरनं मागं सांगितलं होतं, बारीक आवाज गेलेत तुमचे. सायलेन्सर सडलेला ट्रॅक्टर दोन हंगाम तसाच चालवला होता, घालू पुढच्या महिन्यात म्हणत. नळी किती रुपयांची, ते इथं लिहायलाही लाज वाटते. सकाळी टिटवी ओरडते ती बायको सांगते तेव्हा कळतं.

सोयाबीनची मळणी सोमवारी आहे. यंत्रावरच्या पोराला कानावर लावायचं आणलंय. तो म्हणतो, लावलं तर यंत्रावर लोड आल्याचं कळत नाही. खरंय त्याचं. मीही असंच म्हणायचो. तरी सोमवारी लावायला लावणार.